ज्याने लाईन घेतली, त्यानेच परत द्यायची

बाबा, आज दुपारी तुमच्या नातीने मला लाईन परत दिली. स्वतःच्या आवाजात, तुमच्याच त्या तीन वाक्यांत. मी सबस्टेशनात खुर्चीवर बसून फोन कानाला लावला होता, आणि समोर पॅनलवर टांगलेली 'माणसे काम करीत आहेत' ही पाटी काढायला हात उठत नव्हता. तुम्ही असता तर म्हणाला असता, "गो, लाईन परत इली मा? मगे सोड. बसलंस कित्याक?" सोडली मी. किनाऱ्याचा फीडर, म्हणजे तिकडे जाणारी मुख्य लाईन, चालू झाला, काटा वर गेला, किनाऱ्यावरच्या सगळ्या हॉटेलांचे पंखे फिरायला लागले असणार. पण तेव्हापासून तुम्हाला काहीतरी सांगायचं राहिलंय ते मनातून जाईना, म्हणून लिहायला घेतलं. मला लिहायची सवय नाही. रोज लिहिते ते लॉगशीट, कुठला फीडर किती वाजता बंद झाला आणि किती वाजता चालू. त्यात ऑपरेटरला काय वाटलं याचा रकाना नसतो.

आपलं घर एका इंग्रजी शब्दावर उभं होतं. शाळेत इंग्रजीच्या बाईंनी 'लाईन म्हणजे रेषा' असं फळ्यावर लिहिलं, तेव्हा मी हात वर करून सांगितलं होतं, नाही बाई, लाईन म्हणजे तार. वर्ग हसला. बाईंनी मला 'लाईन म्हणजे रेषा' हे दहा वेळा लिहून आणायला सांगितलं, आणि तेही एकेरी लाईनीच्या वहीत. मी घरी येऊन तुमच्याकडे तक्रार केली, तर तुम्ही म्हणालात, "बाईंचा पण बरोबर आसा. तार ढिली पडली तर रेषा खंयसून रवतली?" नंतर कळत गेलं की त्या शब्दाचे हात-पाय फार लांब आहेत. रेशनच्या दुकानापुढे लाईन असायची, गवंड्याच्या हातात लाईनदोरी असायची, टेलिफोनची लाईन आठवड्यातून दोनदा मरायची. मुंबईचा मामा आला की पहिला प्रश्न, पोरीला कुठल्या लाईनला घालणार? गावात कोणाचा मुलगा दारूला लागला तर तो लाईन सोडून गेला, आणि लग्न झाल्यावर सुधारला तर बायकोने त्याला लाईनीवर आणला. आईचं तर ठरलेलं वाक्य होतं, दारात येईल त्या बाईला ऐकवायची, "माझ्या घोवाक दोन बायलो. एक मी नि दुसरी लाईन. दुसरी लाडाची." तुम्ही पायरीवर बसून पक्कड पुसत ते ऐकायचात आणि नाही कधीच म्हणायचा नाहीत.

कॉलेजात गेले तेव्हा आणखी एक अर्थ समजला, तो तुमच्यासमोर बोलायची सोय नव्हती. एसटी स्टँडवर मुलं एकमेकांना सांगायची, "वायरमनच्या चेडवार लाईन मारू नको रे, शॉक लागतलो." मला राग यायचा आणि थोडं बरंही वाटायचं, आता कशाला खोटं बोला. तुमचा जावई त्यातलाच. तो अजून लोकांना सांगतो, माका शॉक लागलो तो लागलोच. आठवतं, त्याचा मित्र लग्नाचं बोलायला आपल्या ओटीवर आला होता? इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर त्याने चाचरत विचारलं, "मगे काका, लाईन क्लिअर समजू मा?" तुम्ही चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलंत. "लेखी घेतल्याशिवाय लाईन क्लिअर होवची नाय," म्हणालात. बिचाऱ्याला खरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी तो वहीचं पान घेऊन आला.

पण त्याला कुठे ठाऊक होतं की तुमच्या धंद्यात लाईन क्लिअर हा थट्टेचा शब्द नव्हता. तारेला हात लावण्याआधी सबस्टेशनला फोन करून लाईन मागून घ्यायची, ऑपरेटरने ती बंद करून पुस्तकात तुमचं नाव लिहायचं, मग तुम्ही तारांवर लोखंडी साखळी टाकायची, साखळीचं दुसरं टोक जमिनीत. कोणी चुकून लाईन सोडलीच तर करंट साखळीतून जमिनीत जावा, माणसातून नव्हे. काम झालं की साखळी काढायची, खाली उतरायचं आणि जवळच्या दुकानातल्या फोनवरून ऑपरेटरला सांगायचं, "माणसां खाली इली. साखळी काढलंय. लाईन परत घे." ज्याने लाईन घेतली, त्यानेच परत द्यायची. दुसऱ्या कोणी नाही, साहेबानेही नाही. ही तीन वाक्यं आम्हाला पाठ होती. आम्ही भावंडं लपाछपी खेळतानासुद्धा म्हणायचो. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही, आणि हे आधीच सांगून टाकते.

तो दिवस तुम्हाला आठवतोच. माझी बारावीची परीक्षा संपली होती. सकाळपासून लाईट नव्हती, माडाचं चुडत तारेवर पडून वरच्या सड्यावर काहीतरी तुटलं होतं, आणि तुम्ही नऊ वाजता गेला होता. आई खाडीवर मासे आणायला गेली. जाताना बजावून गेली, "पाट्यार वाटप काढून ठेव, मिक्सराची वाट बघू नको." मामाने तो नारिंगी मिक्सर नुकताच आणला होता आणि मला त्याचं असं काही वेड लागलं होतं की पाटा-वरवंटा बघितला तरी खांदे दुखायचे. मी खोबरं खवलं, धणे-मिरची भिजवली, दोन तिरफळं टाकली आणि सगळं मिक्सरच्या भांड्यात भरून ठेवलं. दोन वाजता फोन वाजला. ऑपरेटर काका होते, जे तुम्हाला लाईन द्यायचे ते.

"बाय, बाबा इले काय गो घराक? कधीपासून वाट बघतंय, खंयसून फोन नाय. लोक माझ्या नावान बोंब मारतत."

"हो काका, इलेत."

"काम झाला मा?"

"झाला."

"मगे सोडू?"

"सोडा."

तीन वाक्यं, बाबा. शेवटचं बोलताना माझा एक हात फोनवर होता आणि नजर दारातून दिसणाऱ्या मिक्सरच्या बटणावर. फोन ठेवून मी धावत स्वयंपाकघरात आले. मिनिटभराने वरचा दिवा लालसर झाला, मिक्सर अर्धा फेर घरघरला आणि दोन्ही बंद पडले. मला वाटलं, काकांनी काहीतरी घोटाळा केला. त्यांच्या नावाने बोटं मोडत मी सगळं भांडं पाट्यावर ओतलं आणि वाटायला बसले. वाटताना मी रडत होते ते मिरचीने नाही, रागाने. दुसरं काही माझ्या डोक्यात आलंच नाही, आणि आजही मला माझी सगळ्यात जास्त भीती वाटते ती त्या अर्ध्या तासाची.

चार वाजता तुम्ही मागच्या दाराने आलात. पाण्याचा तांब्या उभ्याउभ्याच संपवलात. दोन्ही तळवे काळे, शर्टाच्या बाहीला ठिणग्यांनी भोकं पडलेली. आई बांगडे कापत होती. ती काही विचारायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "साखळी होती म्हणान." एवढंच. आईने विळीवरचा हात उचलला आणि तुमच्याकडे बघत राहिली. मी पाट्याजवळ उभी होते, हातात वाटपाचा वाडगा. मी वळून तो चुलीजवळ ठेवला. त्यानंतर तुम्ही आंघोळ करून जेवायला बसलात. पहिला घास खाऊन म्हणालात, "पाट्यावरचा वाटप मा ह्या? चव येगळीच लागता." आणि माझ्याकडे बघून हसलात. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, पण त्या कौतुकाइतकं काही मला लागलं नाही.

मी वाट बघत होते की तुम्ही विचाराल. नाही विचारलंत. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. रविवारी सकाळी म्हणालात, "चल बाय, तुका सबस्टेशन दाखवतंय." सायकलवर मागे बसवून घेऊन गेलात, सतरा वर्षांच्या घोडीला. मला वाटलं, परीक्षा संपली म्हणून फिरायला नेताय. ऑपरेटर काका तिथे होते, ते माझ्याशी धड बोलले नाहीत, चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. तुम्ही मला उंच स्टुलावर बसवलंत, ते लांबडं पुस्तक उघडून पुढ्यात ठेवलंत आणि प्रत्येक पानावरची तुमची नावं दाखवलीत. घेतली, परत दिली. घेतली, परत दिली. मग विचारलंत, "सांग बघूया, ही लाईन कोणाची?" मी म्हटलं, सरकारची. तुम्ही मान हलवलीत. "जो खांबार आसा, तेची. तो खाली येयसर बाकी कोणाचीच नाय. कोण फोनार सांगलो, साहेब सांगलो, देव सांगलो, तरी नाय." माझं बोट धरून तुम्ही त्या पुस्तकातल्या तुमच्या नावावर ठेवलंत. येताना खिशातला तुमचा टेस्टर मला दिलात, पिवळ्या मुठीचा. काम करताना तुम्ही तो दातात धरायचात, त्यामुळे मुठीवर दातांचे वण उमटले होते. मी भावाला चिडवायला तो आठवडाभर वेणीत खोचून फिरले. इतकी मूर्ख होते. बक्षीस समजले मी त्याला.

पुढे ऑपरेटर काकांची बदली इन्सुलीच्या बाजूला झाली. त्यांनी लिहून दिलं होतं की आपल्याकडून चुकून ब्रेकर लागला. गावात लोक म्हणाले, म्हातारपणी लक्ष ठिकाणावर नव्हतं. ते काही म्हातारे नव्हते, तुमच्याहून दोन वर्षांनी लहानच. मी ऐकलं आणि गप्प बसले. मामाने पुन्हा विचारलं तेव्हा तुम्ही त्याला ठणकावलंत, "माझ्याच लाईनीक घालतंय." आयटीआयच्या वर्गात मी एकटी मुलगी. लोक तुम्हाला हसले, तुम्ही रोज सकाळी मला एसटीवर सोडायला आलात. मी नोकरीला लागले, आणि ज्या खुर्चीवरून काकांनी लाईन सोडली होती तसल्याच खुर्चीवर जाऊन बसले. तुम्हाला केवढा आनंद झाला होता. तुम्ही आळीभर साखर वाटलीत, बाबा. त्यानंतर चार वर्षांत तुमचा दमा वाढला आणि तुम्ही गेलात, आणि माझं बोलणं राहून गेलं. तुम्ही शेवटी अंथरुणावर होता तेव्हा तीन वेळा मी तोंड उघडलं. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, पाणी दी.

आता तुमच्या नातीचं. ती तुमच्यासारखी. झाडावर चढायची, छपरावर चढायची, खाली उतरायला सांगितलं की आणखी एक फांदी वर जायची. मी तिला म्हटलं, बाई गं, माझ्यासारखी ऑपरेटर हो, सावलीत बस. तर म्हणते, "सावलेत बसान काय करू? लाईन वर आसा." खांबावरची परीक्षा तिने बरोबरच्या दोन मुलांच्या आधी पूर्ण केली. तिला आपल्याच तालुक्यात नेमणूक मिळाली तेव्हा सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं, आणि मी त्याच संध्याकाळी साहेबांकडे जाऊन शिफ्ट बदलून मागितली. नंतर पुन्हा एकदा मागितली. तीन महिने मी असं जमवत आले की ती खांबावर असेल तेव्हा खुर्चीवर मी नसेन. कारण विचारलं तर घरचं काम आहे, गुडघा दुखतो, काहीही सांगितलं. खरं कारण हे की वर तुमची नात आणि खाली 'सोडा' म्हणणारी तीच मुलगी, ही जोडी मला नको होती. दुसरा कुठलाही ऑपरेटर चालेल, मी नको. एकदा मनात आलं की तिचीच बदली करून घ्यावी, टेबलावरचं काम, ओळखी आहेत. अर्ज लिहिलाही होता. तो अजून माझ्या पर्समध्ये आहे.

तिची ऑर्डर आली तेव्हा मी पेढे घेऊन वेंगुर्ल्याला गेले होते, ऑपरेटर काकांकडे. आता ते मुलाकडे असतात. कानाने कमी ऐकतात, पण डोकं टकटकीत. मी पाया पडले आणि पंचवीस-सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तो विषय काढला. म्हटलं, काका, तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत? ते पेढा तसाच हातात धरून म्हणाले, "तुझो बापूस त्याच दिवशी सांजेक माझ्याकडे इल्लो. माका वाटला आता मारतलो. तर विचारल्यान, कोणी सांगल्यान? मी म्हटलंय, तुझ्या चेडवान. तो खाली बसलो. मगे म्हणालो, माझी सायकल पंक्चर झाली म्हणान मी ती शेजाऱ्याकडे घराक धाडलेलंय. चेडवान दारात सायकल बघल्यान, तेका वाटला बापूस इलो. तेची चूक नाय. चूक तुझी, माझो आवाज आयकल्याशिवाय सोडलंस. आणि माझी, घरात चेडू आसा नि तेका शिकवलंय नाय." मग काका माझ्याकडे झुकून म्हणाले, "आम्ही दोघांनी ठरवलंव, तुझा नाव खंय येवक नको. लहान चेडू, जन्मभर मनात घेवन बसतला."

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. बांगड्याच्या तिखल्याचा पहिला घास तुम्ही घेतलात तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि रविवारी सायकलवर बसवलंत तेव्हा होतं. मी बक्षीस समजले ती शिक्षा होती, आणि आता इतक्या वर्षांनी वाटतं की ते बक्षीसही होतंच. मी काकांसमोर बसून रडले. त्यांनी विचारलं, "सायकल बघलंस म्हणानच सांगलंस मा गो?" आणि मी पदराने डोळे पुसत मान हलवली. "हो काका. सायकल बघलंय."

आज दुसऱ्या ऑपरेटरची आई आजारी पडली, त्याचा सकाळी फोन आला, आणि माझ्यावाचून कोणी नव्हतं. दहा वाजता फोन वाजला. "मॅडम, किनाऱ्याच्या फीडरची लाईन हवी. खांबावरच्या चिनीमातीच्या पिना पुसायच्या आहेत, मीठ फार बसलंय." ड्यूटीवर ती मला मॅडमच म्हणते आणि शुद्ध बोलते, घरी बघा तिचं तोंड. मी ब्रेकर काढला, पाटी टांगली, पुस्तकात तिचं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग बसून राहिले. पाऊण वाजता तिच्याबरोबरच्या जुन्या लाईनमनचा फोन आला, "मॅडम, काम झाला. सोडा."

"ती खंय आसा?"

"खाली उतारली. हात धुवक गेलीहा विहिरीर."

"इली की तिका फोन करूक सांगा."

"अहो मॅडम, मी सांगतंय मा? वीस वर्षां झाली माका ह्या लाईनीत. आमच्यार इश्वास नाय?"

"इश्वास आसा. लाईन तिच्या नावार आसा."

त्याने फोन आपटला. त्याच्यामागोमाग हॉटेलवाले, बर्फाचा कारखाना, एक पुढारी. पर्यटक बोंबलतात मॅडम, एसी बंद आहेत मॅडम, तुम्हाला कळतं का मॅडम. मी सगळ्यांना एकच सांगितलं, माणूस खांबावर आहे. खरं तर मला ते माहीत नव्हतं. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते, शाळेतल्या पोरांसारखी. बाबा, मला किती भीती वाटत होती ते सांगू? तिला काही होईल याची नव्हती तेवढी माझ्या तोंडाची होती. 'सोडा' म्हणायला किती सोपं असतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

एक वाजून बारा मिनिटांनी तिचा फोन आला. "मॅडम, माणसं खाली आली. साखळी काढली. लाईन परत." आता साखळीऐवजी अर्थिंगचा दांडा असतो, पण मी तिला साखळीच म्हणायला शिकवलंय. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिने पुन्हा सांगितलं, जरा चिडून. आणि तेव्हा मी ती पाटी काढली.

काहीही झालं नव्हतं. ती खरोखरच हात धूत होती. सत्तावीस मिनिटं अर्धा तालुका माझ्या नावाने शंख करत बसला तो पोरीच्या हाताचा मळ निघेपर्यंत. घरी आल्यावर तिने बूट काढायच्या आत सुरुवात केली, "आये, सगळे माका हसतत. म्हणतत, तुझ्या आवशीक तुझो आवाज आयकल्याशिवाय घास पण जाणा नाय." तुमचा जावई हसायला लागला. मला हसू आलं नाही. मी तिला समोर बसवलं आणि तो दिवस सांगितला. मिक्सर, फोन, साखळी, तुमची भोकं पडलेली बाही. ती बूट तसेच पायात ठेवून ऐकत होती.

"मगे आजोबांनी तुका काय केल्यानी?" तिने विचारलं.

"टेस्टर दिल्यानी."

"खंय आसा तो?"

कपाटातून काढून दिला. तिने मुठीवरच्या दातांच्या वणांवरून अंगठा फिरवला, दिवा लागतो का बघितलं, लागला, आणि सरळ आपल्या खिशात घातला. विचारलंसुद्धा नाही. मग म्हणाली, "आये, आता शिफ्ट बदलू नको. माका ठावक आसा तू बदलतंस ती. तू थंय बसललंस काय माका वर बरा वाटता." आणि आत गेली. मी पर्समधला तो अर्ज काढला आणि चुलीत घातला. लाकडाची चूल अजून ठेवलीय मागच्या पडवीत, तुमच्या आंघोळीच्या पाण्याची.

आता संध्याकाळचे सात वाजत आलेत. मी तुमच्या जागेवर, पायरीवर बसून लिहितेय, जुन्या संपलेल्या लाईन क्लिअरच्या पुस्तकात मागे चार कोरी पानं होती त्यांवर. हे पुस्तक कपाटात ठेवायचं, तिथेच राहील. आत तुमची नात वाटप काढतेय, मिक्सर फिरतोय, आणि आज पहिल्यांदा तो आवाज मला नुसता मिक्सरचा वाटतोय. तुम्ही आणि काकांनी माझी चूक आपापल्या नावावर घेतलीत. नियम तुमचाच आहे, घेतली त्याने परत द्यायची. ही मी घेतली होती. म्हणून एवढं तरी माझ्या तोंडाने सांगायला हवं, कारण काकांना मी सांगितलं नाही, आणि मघाशी तिला गोष्ट सांगतानाही मी म्हणाले, दारात सायकल दिसली म्हणून मला वाटलं.

शेजारचे तात्या सायकल ढकलत आले तेव्हा मी पाट्यावर वाटत होते. त्यांनी ती माडाला टेकवली आणि हाक मारून सांगितलं, "गो, बापूस मागसून येता, अजून वरच आसा." फोन त्याआधी येऊन गेला होता. फोन आला तेव्हा अंगणात सायकल नव्हती, बाबा. मी बघितलं होतं, अंगण रिकामं होतं.

मिक्सर थांबला. उठते. तिलाही सांगायचंय.